दादांचा वस्तरा, माझी पथरी

आषाढात दीपनगरहून एक तरुण इंजिनिअर आमच्या पाचोऱ्याच्या दुकानात आला. हनुवटीवर कापसाचे दोन बोळे चिकटलेले आणि हातात बुटाचं खोकं. माझा पुतण्या संजय खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाची दाढी करत होता. मी नेहमीसारखा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. त्या मुलानं खोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि उघडलं. आत एक कोरा वस्तरा होता, खरा, एका अखंड पात्याचा. आणि शेजारी कागदात गुंडाळलेल्या दोन पथऱ्या.

"काका, यातली कोणती ठेवू आणि कोणती परत पाठवू? सात दिवसांची मुदत आहे. चार संपले."

संजय आरशातून हसला. "साहेब, ब्लेड टाकायचा वस्तरा घ्या ना. पाच मिनिटांत काम. हे कुठलं खूळ?"

"खूळच आहे," तो मुलगा म्हणाला. "पण आता लागलंय."

मला त्याचं उत्तर आवडलं. मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि फळीवरची धोकटी खाली काढली. धोकटी म्हणजे न्हाव्याची सामानाची पिशवी. फाल्गुनात माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, गेले तेव्हा ती त्यांच्या घरून इथं आणली, त्यानंतर मी ती उघडली नव्हती. त्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच कदाचित मला ती उघडता आली.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या व्यवसायाबद्दल लिहा" असं दोनदा कळवलं होतं. व्यवसायाबद्दल लिहायचं तर मला पथरीबद्दल लिहावं लागेल, आणि पथरीबद्दल लिहायचं तर दादांबद्दल. मी सावकाश लिहितो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ज्यांनी वस्तरा फक्त चित्रात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वस्तऱ्याच्या पात्याला एका बाजूला धार असते आणि दुसऱ्या बाजूला जाड पाठ. पथरी म्हणजे धार लावायचा सपाट, गुळगुळीत दगड, वीतभर लांब आणि तीन बोटं रुंद. पथरीवर पाणी घालायचं, पातं आडवं झोपवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकल्या पाहिजेत, आणि धार पुढे ठेवून सरकवायचं. टोकाला गेल्यावर पातं पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. मग परत यायचं. पथरीनंतर चामाटी. तो कातड्याचा पट्टा असतो, त्यावर पाठ पुढे ठेवून फिरवायचं. चामाटी रोज लागते, पथरी पंधरा दिवसांतून एकदा. चामाटी कुणीही शिकतो. न्हाव्याची ओळख पथरीवर होते.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, म्हणून दादांची शाळा चौथीत सुटली आणि त्यांनी ठरवलं की माझी सुटू द्यायची नाही. मी मॅट्रिक झालो, बाहेरून बी. ए.ही झालो. गावच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं मी दुकानात बसून वाचली आहेत. नोकरी मिळाली नाही याचं दादांना वाईट वाटायचं, मला फारसं नाही. मला दुकान आवडायचं. दादांसारखं होता यावं एवढंच वाटायचं.

दादांची एक कसोटी होती. ते अहिराणीत म्हणायचे, "गिऱ्हाईक खुर्चीमा जपी गयं का समजानं, धार लागनी. तोंडनं सांगेल खरं नही ऱ्हास." गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं की धार लागली असं समजायचं, तोंडानं जे सांगतात ते खरं नसतं. माणूस भिडेखातर छान म्हणतो, किंवा भाव पाडायला वाईट म्हणतो. पण गळ्याशी पातं असताना माणूस उगाच झोपत नाही.

दादांच्या खुर्चीत माणसं झोपायची. माझ्या खुर्चीत जागी राहायची.

दादांकडे तीन वस्तरे होते. त्यातला एक वडिलांचा, शिंगाच्या मुठीचा. पथरीही वडिलांचीच. वर्षानुवर्षं घासून तिच्या मध्यभागी खळगा पडला होता, जुन्या पायरीला पावलांनी पडतो तसा. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि वाचनालयातून हत्यारांना धार लावण्यावरचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की धार लावायचा दगड आरशासारखा सपाट हवा. खोलगट दगडावर धार कधीच सरळ लागत नाही. हे वाचून मी अस्वस्थ झालो. दादांची पथरी तर पार खोलगट!

दुसऱ्या दिवशी नदीकाठी मोठं काम होतं. जवळच्या गावचे एक वयस्क शेतकरी वारले होते, त्यांचं दहावं होतं. पाच मुलगे, पुतणे, नातू धरून एकोणीस डोकी करायची होती. दादा आदल्या दिवशी सकाळीच एका लग्नाच्या बोलावण्यांच्या कामाला गेले आणि जाताना म्हणाले, "पथरी धुई ठेव. वस्तरा मी ईसन लावस." पथरी धुऊन ठेव, वस्तऱ्यांना धार मी येऊन लावतो.

मी पथरी धुतली. मग माझ्या मनात आलं की आपण दादांना चकित करू. मागच्या अंगणात शहाबादी फरशी होती. तिच्यावर नदीची बारीक वाळू टाकली, पाणी ओतलं आणि पथरी पालथी घालून घासायला लागलो. तीन तास घासली. खळगा गेला. पथरी पुस्तकातल्यासारखी सपाट झाली. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी थांबणारा नव्हतो. तिन्ही वस्तरेही तिच्यावर लावून ठेवले, प्रत्येकी शंभर फेरे मोजून. दादा दिवस मावळायला दमून आले. वस्तरे लावून तयार आहेत म्हटल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवायला बसले. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

सकाळी नदीकाठी पहिल्यांदा थोरला मुलगा बसला. वसंतभाऊ, पन्नाशीचा, अंगापिंडानं मोठा माणूस. दादांनी डोकं भिजवलं, कपाळापासून मागे पहिला हात घेतला. माथ्यावर ठीक चाललं. कानामागे वळताना पात्याचं टोक अडकलं. केस कापले गेले नाहीत, ओढले गेले. दादांचा हात थबकला. त्यांनी पुन्हा पातं लावलं आणि कानामागे रक्ताची रेघ उमटली.

वसंतभाऊ कळवळला. "काय रे भाऊ! बाप गया तवय मना डोयामा पानी उनं नही, ते तुना वस्तरानी आनं!"

बाप गेला तेव्हा डोळ्यात पाणी आलं नाही, ते तुझ्या वस्तऱ्यानं आणलं. रांगेत बसलेले भाऊ हसले. दहाव्याला हसायचं नसतं, तरी हसले. धाकटा म्हणाला, "आबाले बोलाय ना आते, भाऊनी खोड मोडनी म्हनीसन!" भाऊची न रडायची खोड मोडली म्हणून आता आबांना, गेलेल्या वडिलांना, बोलाव. आणि हसता हसता वसंतभाऊचा चेहरा बदलला. तो गुडघ्यात मान घालून रडायला लागला. दहा दिवसांचं साठलेलं होतं. दादा त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

मग दादांनी पातं उन्हात धरून पाहिलं. पुढून, मागून. एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पात्याच्या मधल्या दोन बोटांएवढ्या भागानं वसंतभाऊचं राहिलेलं आणि बाकीची अठरा डोकी केली. मनगट असं विचित्र वळवून, कानामागे कोपर वर उचलून. त्यानंतर एकालाही खरचटलं नाही. तीन तास मी पाणी आणून देत होतो आणि त्यांच्या मनगटाकडे पाहत होतो. इतकं चांगलं काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि ते करायची वेळ माझ्यामुळे आली होती.

काय झालं होतं ते सांगतो. खोलगट पथरीवर वर्षानुवर्षं फिरून त्या पात्यांना त्याच मापाचं किंचित पोट आलं होतं. पथरी खोल, पातं फुगीर. दोन्ही एकमेकांत बसली होती. मी पथरी सपाट केल्यावर फुगीर पात्याचा मधला भाग तेवढा टेकला. दोन्ही टोकं अधांतरी राहिली. त्यात फरशीवरच्या वाळूचे ओरखडे पथरीवर उठले होते, ते धारेत उतरले.

घरी येताना मी म्हणालो, "पुस्तकात लिहिलं होतं, दगड सपाट हवा म्हणून."

"कसानं पुस्तक शे?"

"सुतारकामाचं."

दादांनी धोकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "पुस्तक बरोबर शे. पन मना वस्तरा त्या पुस्तकमा नही."

एवढंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी आपले वस्तरे मला लावू दिले नाहीत. मी हात पुढे केला की म्हणायचे, "तू वाच. धार मी लावस." बाहेरच्या कुणाला यात प्रेमच दिसलं असतं. मला माहीत होतं, हा निकाल आहे.

त्यांनी आधी ओरखडे घालवले, मग रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना तिन्ही पाती त्या सपाट पथरीवर थोडी थोडी सरळ करत नेली. सगळा हिवाळा गेला. पोलाद झिजवावं लागलं. वडिलांच्या वस्तऱ्याचं काही वर्षांचं आयुष्य मी एका दिवसात खाल्लं होतं.

पाती सरळ झाली तेव्हा एका मंगळवारी दादा म्हणाले, "चाल धुळे. तुले पथरी लेवानी शे." तुला स्वतःची पथरी घ्यायची आहे.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत कातरी-अडकित्त्यांचं जुनं दुकान होतं. मालकाचे आजोबा राजस्थानातून आलेले. स्वतः शेठ गादीवर बसून बोलायचे आणि त्यांच्या बोलण्यात सगळा माल जर्मनीचा असायचा. त्यांनी पोत्यातून सात पथऱ्या काढून मांडल्या.

"घ्या भाऊ. सगळा जर्मन माल."

दादा म्हणाले, "जर्मनीना दगड धुयामा काय करस, शेठ? त्याले तठे करमत नही का?" जर्मनीचा दगड धुळ्यात काय करतो, त्याला तिथं करमत नाही का?

शेठ मनापासून हसले. "बरं, सहा जर्मन. एक इथला."

दादा माझ्याकडे वळले. "तूच निवड." आणि बाकावर जाऊन पाठ करून बसले.

मी दादांना पाहत शिकलो होतो तेवढं केलं. बोटाच्या पेरानं प्रत्येक दगड वाजवून पाहिला. बद्द वाजला की आत चीर समजायची. एक बाजूला गेला. पाणी टाकलं. एका दगडानं ते लगेच पिऊन टाकलं आणि ओल्या मातीचा वास आला. तो मऊ, वस्तऱ्याला नको, विळ्याला चालेल. एकात पांढरी शीर होती, नख फिरवलं की तिथं अडकायचं. तोही बाद. आणखी एक वाकडा होता. राहिले तीन, त्यातला एक फारच लहान. म्हणजे दोन.

पहिला काळसर हिरवा, देखणा. माझा वस्तरा बरोबर होता, तो लावून पाहिला. दहा फेऱ्यांत हाताच्या लवेवर धार बोलायला लागली. मी आनंदानं आणखी दहा घेतले आणि धार गेली. पुन्हा दहा घेतले, आली. पुढच्या पाचात पुन्हा गेली. तो दगड भराभर खात होता. कुठं थांबायचं हे ज्याला कळतं त्याच्यासाठी तो सोन्यासारखा होता.

दुसरा मातकट रंगाचा. वीस फेरे, काही नाही. चाळीस, काही नाही. शेठ म्हणाले, "अहो, तो सुस्त दगड आहे. दोन वर्षं पडलाय. कोणी घेत नाही. हिरवा घ्या, तुमचा वेळ वाचेल."

मी साठ केले, ऐंशी केले. धार हळूहळू यायला लागली. शंभराला आली. मग मी मुद्दाम आणखी पन्नास घेतले. धार होती तिथंच राहिली. बिघडली नाही.

त्या गल्लीत हातगाड्यांचा गलबला होता, शेठ बोलत होते, आणि मला पथरीचा बारीक सूर ऐकू येत होता. मला तीन तास पथरी घासणारा मी आठवलो. सांगितलं त्याच्यापुढे जाणारा, थांबता न येणारा. हिरवा दगड मला महिनाभरात पुन्हा त्याच ठिकाणी नेणार होता. मी मातकट उचलला.

"हा," मी म्हणालो.

शेठनी कपाळाला हात लावला. दादा बाकावरून उठले. पथरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. खांद्यावरच्या रुमालात गुंडाळली आणि एस.टी.त सगळा वेळ मांडीवर धरून बसले. पारोळ्याच्या पुढे एकदाच बोलले. "दगड बरा शे. हात व्हवाना बाकी शे." हात अजून व्हायचा आहे.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. सगळी सांगत बसत नाही. माझा हात झाला, हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणतो आहे आणि त्याला दादांच्या कसोटीनुसार काही किंमत नाही. पण खुर्चीत माणसं झोपायला लागली होती. पहिल्यांदा झोपले ते जामनेरकडचे एक हेडमास्तर. जामनेरची छोटी, अरुंद रुळांची गाडी सुटायला अर्धा तास होता म्हणून दाढीला बसले, डावा गाल होईतो घोरायला लागले. मी त्यांना उठवलं नाही. न्हाव्यानं झोपलेलं गिऱ्हाईक उठवायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. गाडीची शिट्टी झाली तेव्हा ते ताडकन उठले आणि टॉवेलसकट स्टेशनाकडे धावले. गाडी गेली होती. परत येऊन दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी माझा जो उद्धार केला तो अर्ध्या बाजारानं ऐकला.

मी मात्र असा खूश होतो की त्यांना चहा पाजला. दादांना म्हणालो, "हेडमास्तर झोपले माझ्या खुर्चीत."

दादा चामाटी पुसत होते. "रातभर पेपर तपाशीसन उना व्हता तो. झाडखाले बी जपी जाता." रात्रभर पेपर तपासून आला होता, झाडाखालीही झोपला असता.

असे होते दादा. पुढेही कुणी झोपलं की त्यांच्याकडे कारण तयार असायचं. एकाला ताप होता, एकाचं जेवण जड झालं होतं, एक तर जन्माचाच झोपाळू. आणि स्वतःचे वस्तरे ते स्वतःच लावायचे. आठवड्यातून दोनदा मी त्यांची दाढी करायचो, माझ्या वस्तऱ्यानं. ते पूर्ण वेळ डोळे उघडे ठेवून आरशात माझा हात बघत बसायचे.

पुढे दुकानात अखंड वस्तरा बंद झाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड आलं. रक्तातून आजार पसरतात हे मी वाचलं होतं, दादांना समजावून सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मंग बंद करा. त्यामा काय." चाळीस वर्षांची कला त्यांनी एका वाक्यात खाली ठेवली. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. घरी मात्र आम्ही दोघं एकमेकांची दाढी आपापल्या वस्तऱ्यानंच करत राहिलो. माझी मातकट पथरी झिजली नाही. आजही सपाट आहे.

आता त्या इंजिनिअरकडे येतो. मी त्याच्या दोन्ही पथऱ्या पाहिल्या. कारखान्यात बनवलेल्या, बाजूला आकडे छापलेल्या.

"काका, हिच्यावर आकडा मोठा आहे. जितका मोठा तितकी बारीक. म्हणजे हीच चांगली ना?"

"आकडा दगडाचा आहे," मी म्हणालो. "तुझा आकडा काय?"

त्याला कळलं नाही. मी त्याला मोरीजवळ बसवलं आणि धार लावायला सांगितली. तो मोबाइलवर पाहून शिकला होता, बैठक चुकीची नव्हती. पण दाबत होता. प्रत्येक फेऱ्यानंतर अंगठ्यानं धार तपासत होता. आलं का, आलं का, असं चाललं होतं. पंधरा मिनिटांत त्यानं दोनदा पथरी बदलली.

"घाईचा आहेस."

"आई पण हेच म्हणते."

"मग तुला दोन पथऱ्या नकोत. दोन असल्या की माणूस या दगडावरून त्या दगडावर पळतो. वस्तरा नवा आहे, मूळची धार आहे, खरखरीत दगडाची तुला वर्षभर गरज नाही. तो परत पाठव. हा बारीक ठेव. यावर तुला वेळ लागेल, लागू दे. तुझी चूक हा दगड पोटात घालेल. दुसरा नाही घालणार."

दगड निवडताना लोक दगडाचे गुण पाहतात. मला इतक्या वर्षांत एवढंच कळलं आहे की आपला दोष काय ते आधी ठरवावं आणि त्याला पुरून उरेल असा दगड घ्यावा. हे त्याला सांगितलं तेव्हा त्यानं खरखरीत पथरी पुन्हा कागदात गुंडाळली. मग धोकटीतला शिंगाच्या मुठीचा वस्तरा त्याला दिसला. "हा कुणाचा?" म्हणाला. मी सांगितलं, "आमच्या दादांचा." त्यानं हात पुढे केला नाही. घाईचा होता, पण समजूतदार होता.

त्या वस्तऱ्याचं शेवटचं काम सांगतो आणि थांबतो.

गेल्या दिवाळीनंतर दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. संजय रोज ब्लेडचा वस्तरा घेऊन जायचा आणि दादा डाव्या हातानं त्याला बाजूला सारायचे. दाढी वाढत गेली. वहिनींना ते पाहवेना. "आयुष्यभर गावनी दाढी करी," त्या म्हणायच्या, "आनि आते सोता दाढीवाला बुवा दिसतस." दादा ऐकून तोंडाच्या एका बाजूनं हसायचे, पण ब्लेड लावू द्यायचे नाहीत.

एका सकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं फळीकडे दाखवलं. मी धोकटी काढून पलंगावर ठेवली. ते चाचपत राहिले. मी मदत करायला गेलो तर हात झटकला. शेवटी शिंगाची मूठ हाताला लागली. वडिलांचा वस्तरा त्यांनी काढला आणि माझ्यापुढे धरला. झटका आल्यापासून त्याला पथरी लागली नव्हती.

"आते तू लाव," ते म्हणाले. शब्द लटपटत होते, पण स्पष्ट होते.

मी घरी जाऊन माझी पथरी आणली. पलंगाशेजारी जमिनीवर बसलो, त्यांना ऐकू येईल असा. पाणी घातलं आणि पातं टेकवलं. दादा छताकडे पाहत होते. मी मोजले नाहीत. जेव्हा सूर बारीक झाला आणि तसाच राहिला तेव्हा थांबलो, आणि पलंगावरून एक छोटा हुंकार आला. त्यांच्याही कानाला तेच कळलं होतं. मग चामाटी.

वहिनींनी गरम पाणी दिलं. मी साबणाचा फेस केला. उजव्या गालाला त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून तो आधी केला. मग पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला आलो. जाणणारा गाल हाच होता. दादांचे डोळे नेहमीसारखे उघडे, माझ्या मनगटावर. मी कानाजवळून खाली पहिला हात घेतला. दुसरा घेतला. त्या वस्तऱ्याला पहिल्यांदा माझी धार होती आणि त्याला जणू वजनच नव्हतं. जबड्याच्या वळणाशी आलो, हनुवटी केली, गळा केला. मिशीसाठी वर पाहिलं तर डोळे मिटलेले.

मी वस्तरा बाजूला धरून त्यांच्या नाकाशी बोट नेलं. मग दादा घोरले.

मी वस्तरा तसाच हातात धरून उभा राहिलो. वहिनी चहा घेऊन दारात आल्या, त्यांना बोटानं खूण केली. त्या तिथंच उंबऱ्यावर टेकल्या. चहा निवला. वरच्या ओठावरचा फेस वाळत गेला. माझे पाय भरून आले, पण झोपलेलं गिऱ्हाईक उठवायचं नसतं.

किती वेळानं कोण जाणे, दादांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग उंबऱ्यावरच्या वहिनींकडे, मग निवलेल्या चहाकडे.

"झोप लागली होती का दादा?" मी विचारलं.

"नही," दादा म्हणाले. "डोया मिटेल व्हतात."

डोळे नुसते मिटले होते. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मी ब्रश पाण्यात बुडवला, मिशीवरचा वाळलेला फेस पुन्हा ओला केला आणि राहिलेलं काम पुरं केलं.